पुण्याचा अर्धा वाटा

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून तिरुपतीला रेल्वे जाते, तिचं नाव हरिप्रिया एक्सप्रेस. हरीची प्रिया कोल्हापुरात आणि हरी तिरुमलाच्या डोंगरावर. मध्ये बेळगाव, हुबळी, गुंतकल आणि एक अख्खी रात्र. नाव ठेवणाऱ्याला पुराण पाठ असावं. कथा अशी की भृगू ऋषीनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूनं रागावायचं सोडून त्याचेच पाय चेपले. ती छाती म्हणजे लक्ष्मीची राहायची जागा. तिला हा अपमान सोसला नाही. ती उठली आणि थेट करवीरला, म्हणजे कोल्हापूरला आली. तिच्या शोधात निघालेला विष्णू वेंकटाचलावर पोचला, तिथं त्यानं कुबेराकडून कर्ज काढून पद्मावतीशी लग्न केलं, आणि ते कर्ज भक्त अजून हुंडीतून फेडताहेत. दर नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून कोल्हापूरच्या अंबाबाईला मानाचा शालू येतो. कोल्हापूरचं दर्शन घेतल्याशिवाय तिरुपतीची यात्रा पुरी होत नाही, असं मानणारे लाखो लोक आहेत.

नव्यानं लग्न झालेली जोडपी हाताची मेंदी उतरायच्या आत ज्या देवीच्या रांगेत उभी राहतात, तिची एक कथा ही अशी, घर सोडून आलेल्या बायकोची.

असे देव एकटेदुकटे नाहीत. कोल्हापूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी जी ठिकाणं, त्यांत खिद्रापूर हमखास येतं. कृष्णेकाठचं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. त्याचा स्वर्गमंडप 48 खांबांचा आणि वरून गोल उघडा. जोडपी तिथं आकाशाकडे बघत फोटो काढतात. मात्र देवळात नंदी नाही. सती नवऱ्याला न जुमानता, बोलावणं नसताना, माहेरच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी तिच्याबरोबर गेला. तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं लोक सांगतात. सतीनं यज्ञात देह टाकला, शंकर कोपला, आणि त्याला शांत करायला विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर, म्हणजे विष्णू आहे. नवरा आहे, समजूत घालणारा स्नेही आहे, बायकोची जागा मोकळी. पंढरपुरात रुक्मिणी आहे, पण विठ्ठलाच्या शेजारी नाही. राधेवरून रुसून ती दिंडीरवनात आली, मागोमाग देव आला आणि पुंडलिकाच्या विटेवर अडकला. दोघांची देवळं एकाच आवारात, गाभारे मात्र वेगळे.

आणि माणसांना धर्माचा आग्रह असा की देवाला जावं ते जोडीनं! जेजुरीला तर नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या. या आग्रहामागे एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कोणी मोठ्यानं विचारत नाही. दोघं मिळून देवाला गेली, तर पुण्य कोणाचं?

पद्मपुराणाच्या भूमिखंडात याचं एक उत्तर आहे. काशीचा कृकल नावाचा वाणी यात्रेला निघाला. बायको सुकला बरोबर यायला तयार होती. पण वाटेचे हाल हिच्या नाजूक जिवाला सोसणार नाहीत, अशा विचारानं तो तिला न सांगताच गेला. तीर्थं केली, पितरांची श्राद्धं केली, समाधानानं परत फिरला. वाटेत त्याला दिसलं की त्याचे पितर बांधलेले आहेत. धर्मानं त्याला सुनावलं की बायकोला सोडून केलेली तुझी यात्रा फुकट गेली. घरी जा, तिच्यासोबत श्राद्ध कर, मग हे सुटतील. इकडे सुकलेला भुलवायला इंद्र आणि मदन येऊन गेले होते आणि हात हलवत परतले होते. कथा ऐकायला बायकोच्या बाजूची वाटते. पण बारकाईनं पाहिलं तर यात्रा कृकलाची, पितर कृकलाचे, फळही कृकलाचंच. सुकला त्या फळाची अट आहे. तिला स्वतःला कुठं जायचं होतं, काय मागायचं होतं, हे पुराण विचारत नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय तर स्पष्टच सांगतो की बायकांना वेगळा यज्ञ नाही, वेगळं व्रत नाही.

मग लोकांनी मधला हिशोब काढला: नवऱ्याच्या पुण्यात बायकोचा अर्धा वाटा. ऐकायला बरं वाटतं. पण मग वाल्या कोळ्याचं काय? नारदानं त्याला घरी पाठवलं आणि त्यानं बायकोला विचारलं, माझ्या पापात वाटा घेशील का? ती नाही म्हणाली. मराठी घरात ही गोष्ट सांगताना त्या बाईला स्वार्थी ठरवायची पद्धत आहे. खरं तर अख्ख्या कथेत शुद्ध विचार तिनंच केला. तू वाटमारी केलीस, ती तुझी. हे तत्त्व एकदा मान्य केलं तर पुण्यालाही तेच लावायला हवं. पाप ज्याचं त्याचं आणि पुण्य तेवढं निम्मं, हे असलं जोडखातं झालं: शिल्लक दोघांची, कर्ज मात्र एकाच्याच नावावर.

हा प्रश्न पुराणातून उठून कोल्हापूरच्या गल्लीत आला तो सतराव्या शतकात. वेरूळजवळच्या देवगावच्या बहिणाबाईचं लग्न तिला धड कळतही नसताना तिशीच्या बिजवराशी झालं. पुढे वडिलांच्या कर्जापायी सगळ्या कुटुंबालाच गाव सोडावं लागलं. नवरा, बायको, तिचे आईवडील असे हे बिऱ्हाड पंढरपूर आणि शिखर शिंगणापूर करत कोल्हापूरला येऊन टेकलं. इथं तिनं जयरामस्वामींची कीर्तनं ऐकली, इथंच तिला तुकारामांनी स्वप्नात दर्शन दिलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र गुरू मनात धरावा, लोकांनी तिच्या पाया पडायला यावं, हे नवऱ्याला झेपलं नाही. त्यानं तिला मारलं. बायको टाकून निघून जायची तयारी केली. तेवढ्यात आजारी पडला, आणि आजारातून उठला तो वेगळाच माणूस होऊन. मग दोघं बरोबर तुकारामांच्या देहूला गेली.

हे सगळं तिनं स्वतः अभंगांत सांगून ठेवलं आहे. जस्टिन ॲबट यांनी 1929 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, म्हणून ते मराठीबाहेरही पोचलं. नवऱ्याची सेवा हाच आपला धर्म, असं बहिणाबाई पुन्हा पुन्हा म्हणते, आणि आजच्या वाचकाला ते खटकतं. तरी प्रत्यक्षात घडलं काय? कोल्हापूरहून देहूला जाणाऱ्या त्या जोडप्याला वाट तिच्या भक्तीनं दाखवली होती. नवरा तिच्या यात्रेला बरोबर गेला. कृकलाच्या कथेची ही बरोबर उलटी बाजू आहे. अर्ध्या वाट्याचा नियम इथं लावायचा झाला, तर वाटा त्याला मिळायला हवा.

आता आजच्याकडे येऊ. “अहो, रविवारी वाडीला जाऊन येऊया का?” या वाक्यात वाडी म्हणजे नृसिंहवाडी हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. पंचगंगा आणि कृष्णेच्या संगमावर दत्ताच्या पादुका, नृसिंह सरस्वतींचं इथं बारा वर्षं वास्तव्य, आणि येताना बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. जोतिबा झाला की गाडी पन्हाळ्याला वळते. गणपतीपुळ्याला दर्शनाच्या आधी समुद्र दिसतो. तक्रार करणारे म्हणतात, ही कसली यात्रा, ही सहल. ही तक्रार जुनी आहे. गांधीजींनी 1909 मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये रेल्वेवर हाच ठपका ठेवला होता: पूर्वी खरे भक्तच मोठे कष्ट काढून तीर्थाला पोचत, आता लबाडही पोचतात. कोल्हापूरला रेल्वे त्याआधीच, 1891 मध्ये आली होती. लबाड किती वाढले ते देव जाणे, पण बायका बाहेर पडल्या हे नक्की.

कारण एकत्र कुटुंबात नवराबायकोला दोघांनीच बाहेर पडायला दुसरं निमित्तच नव्हतं. रंकाळा तलावावर फिरायला जातो म्हटलं तर भुवया वर जात. अंबाबाईला जातो म्हटलं की सासूबाई स्वतःच ओटीचं सामान काढून देत. देवळातून परतताना रंकाळा लागतो, हे त्यांनाही ठाऊक असे. कितीतरी संसारांत नवराबायकोचं पहिलं मोकळं बोलणं एसटीच्या दोघांच्या बाकावर झालं असेल. पुण्यासाठी निघालेली माणसं एकमेकांशी बोलून परतली, तर देवाचं त्यात काही गेलं नाही. देव निमित्त झाला म्हणून भक्ती खोटी ठरत नाही. दत्ताच्या आरतीला उभी राहिलेली बाई आणि नंतर घाटावर पाय सोडून बर्फी खाणारी बाई एकच असते, आणि दोन्ही वेळी मनापासून असते.

एसटीनं तर शास्त्राला गमतीदार साथ दिली. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कोल्हापूरहून वाडीला निघालेल्या जोडप्यात नवऱ्याला पूर्ण तिकीट आणि बायकोला निम्मं, पुण्याच्या जुन्या हिशोबाप्रमाणेच! फरक इतकाच की हे निम्मं तिकीट तिच्या एकटीच्या नावावर आहे. नवरा बरोबर नसला तरी मिळतं. सवलत सुरू झाली आणि देवस्थानांच्या गाड्यांत बायकांचे थवे दिसू लागले: जावा, नणंदा, शेजारणी. जोडीनंच जायला हवं ही अट कुठल्या धर्मसभेनं काढली नाही, ती तिकिटाच्या दरानं सैल केली.

या अटीची दुसरी बाजू कडू आहे. जोडी मोडली की काय? मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, 1857 सालची. लेखक बेळगावचे. कादंबरीत यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवास करत राहतात आणि ठिकठिकाणी तिला विधवांचे हाल दिसतात. म्हणजे मराठी कादंबरीचा आरंभच एका जोडप्याच्या भटकंतीनं झाला, आणि ती भटकंती जोडी मोडलेल्या बायकांकडे बघण्यासाठी होती. पुढे विनायक मरतो आणि यमुना स्वतः त्याच पंगतीत येते. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते. त्यांनी यमुनेला शेवटी ख्रिस्ती धर्मात नेलं आणि तिचं पुन्हा लग्न लावलं. धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे आणि कादंबरी म्हणून ते तिला जडही जातं. पण त्यांनी मांडलेली फिर्याद खोटी नव्हती. ती खोटी नव्हती याचा पुरावा 165 वर्षांनी मिळाला, तोही वाडी आणि खिद्रापूर ज्या शिरोळ तालुक्यात आहेत त्याच तालुक्यात. मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की गावात कुठल्याही बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. इतर गावांनीही तसाच विचार करावा असं मग राज्य सरकारनं परिपत्रकानं कळवलं.

ज्या देवीपुढं जोडप्यांची रांग लागते, तिच्याविषयी कोल्हापुरात एक वाद कायम धगधगत असतो: ही विष्णूची पत्नी, की आदिशक्ती? आदिशक्ती म्हणणारे मूर्तीकडे बोट दाखवतात. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग, मागं सिंह. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं वर्णन जवळपास असंच आहे. त्या ग्रंथात ती कोणाचीच बायको नाही. सगळ्याच्या आधी तीच आहे. ती देवदेवतांची जुळी निर्माण करते-करवते आणि मग त्यांची लग्नं लावते: ब्रह्मदेवाला सरस्वती, रुद्राला गौरी, विष्णूला श्री. शालू येत राहो, हरिप्रिया धावत राहो, लोककथेचा गोडवा आपल्या जागी आहे. पण मूर्ती आणि ग्रंथ एकत्र ठेवले तर आदिशक्तीची बाजू भक्कम वाटते. जिनं लग्नं लावली ती स्वतः अविवाहित आहे, आणि तिच्या दारात कोणी जोडीदार दाखवायची गरज नसावी.

राहिली पंढरीची गोष्ट. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात आणि त्यांच्याबरोबर दर्शनरांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी दांपत्य असतं. एसटी महामंडळ या दांपत्याला वर्षभर मोफत प्रवासाचा पास देतं. वारकऱ्यांच्या पुण्याला सरकारनं दिलेलं हे फळ म्हणजे आणखी प्रवास, आणि इतकी नेमकी कदर क्वचितच कुठली होत असेल. त्यात एकच बदल करावा. पहाटेच्या त्या घडीला रांगेत पुढं एखादी एकटी म्हातारी उभी असेल, तर मागं जोडपं शोधत जाऊ नये. मान तिला द्यावा, आणि पासही.