व्यायाम आणि राग

शहराने माणसाच्या चित्तस्वास्थ्याची जबाबदारी उघडपणे पत्करल्याची उदाहरणे नगररचनेच्या इतिहासात थोडीच आहेत. चंदीगढ हे त्यांपैकी एक होय. ल कॉर्बुझिए याने १९५१ मध्ये या शहराचा आराखडा हाती घेतला, तेव्हा राहणे, काम करणे आणि ये-जा करणे यांच्या बरोबरीने शरीराची व मनाची जोपासना हेही नगराचे एक कार्य त्याने मानले होते. त्यासाठी उद्यानांचा लांबच लांब पट्टा शहरातून नेण्यात आला. आणि १९५८ मध्ये एका हंगामी ओढ्याला बांध घालून सुखना तलाव निर्माण झाला, तेव्हा त्या बांधावर मोटारी येऊ नयेत असा त्याचा आग्रह राहिला. आज पहाटे त्या बांधावर चालणाऱ्या-धावणाऱ्यांची रीघ असते. बागांतून व्यायामाची यंत्रे बसविली आहेत आणि सेक्टरांच्या बाजारपेठांतून जिम चालतात.

जिममध्ये जाण्याचे कारण पूर्वी बळ किंवा बांधा हे असे. आता ‘डोके शांत राहावे म्हणून जातो’ असे सांगणारे पुष्कळ आढळतात. यात वावगे काही नाही. परंतु एक नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे. समजा, कार्यालयात दिवसभर अन्यायाचे बोलणे ऐकून घेतलेला एक कर्मचारी सायंकाळी तासभर लोखंड उचलतो, घाम गाळतो आणि शांत होऊन घरी परततो. मुलांशी तो मायेने बोलतो. अन्याय मात्र जेथे होता तेथेच आहे. मग व्यायामाने त्याचे नेमके काय निवारले?

मराठी भाषेने येथे एक उपयुक्त भेद करून ठेवला आहे. चिंता, चिडचिड आणि राग ही एकाच दुखण्याची तीन नावे नव्हेत. चिंता पुढे काय होईल याची असते. चिडचिड झालेल्याला ती कशामुळे होते हे पुष्कळदा सांगता येत नाही; भूक, अपुरी झोप, दिवसभर आखडलेले शरीर, काहीही तिला पुरते. राग मात्र कोणाचा तरी आणि कशाबद्दल तरी येतो. त्यात एक निवाडा असतो: जे घडले ते घडायला नको होते.

पहिल्या दोहोंवर व्यायामाची मात्रा चालते, आणि ती का चालते हेही समजण्याजोगे आहे. शरीर थरथरते त्याची जाणीव म्हणजेच भीती, असा सिद्धान्त विल्यम जेम्स याने १८८४ मध्ये मांडला. तो जसाच्या तसा आज कोणी स्वीकारणार नाही. तरी त्यातील तथ्य व्यायामशाळेत प्रत्ययास येते. धडधडणारी छाती, वाढलेला श्वास, घाम ही चिंतेची लक्षणे तेथे रोज श्रमाची लक्षणे म्हणून भेटतात आणि त्यांचा धाक ओसरतो.

रागाचे तसे नाही. अंगातली वाफ निघून गेली की राग जातो, ही समजूत जुनी आणि लोकप्रिय असली तरी तिला पुरावा मिळत नाही. ज्याचा राग आला त्याला मनात आणून ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढला, असे ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात दिसले. १५४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या २०२४ मधील समीक्षेनेही शरीर तापविणाऱ्या कृतींनी राग एकंदरीत उतरत नाही, असाच निष्कर्ष काढला. धावण्याने तो वाढण्याचाच संभव दिसला, तर संथ श्वसन व ध्यान यांनी तो शमला. (‘राग काढणे’ हा आपला वाक्प्रचार या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे, राग नेहमी कोणावर तरी काढला जातो.)

यावर असा आक्षेप येईल की, मग त्या कर्मचाऱ्याचा तास वाया गेला म्हणावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही. वड्याचे तेल वांग्यावर निघते हा घराघरांतला अनुभव आहे, आणि ते वांगे बहुधा पत्नी, मूल किंवा घरकामाला येणारी बाई असते. दारात पाऊल टाकण्यापूर्वी शरीराचा ताण उतरवून येणारा माणूस निरपराध्याला वाचवितो, आणि नीतीच्या हिशेबात ही जमा लहान नव्हे. मात्र स्वतःचा ताण उतरविण्यासाठी असा तास त्या पत्नीच्या किंवा त्या बाईच्या वाट्याला सहसा येत नाही, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

खरा धोका निराळा आहे. घामाबरोबर निवाडाही वाहून गेला, असे मानण्याची सवय लागते. योग्य कारणासाठी, योग्य व्यक्तीवर, योग्य वेळी न रागावणाऱ्याला ॲरिस्टॉटलने शहाणा मानलेले नाही. आपल्या तालमींच्या परंपरेलाही ही सवय मानवली नसती. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ते शांत होण्यासाठी नव्हते. पुढे मंडालेची सहा वर्षे ज्या शरीराने सोसली, त्याच शरीराने राज्यसत्तेवरचा रोषही जन्मभर पेलला. स्थितप्रज्ञाचा विचार ज्या ‘गीतारहस्या’त त्यांनी केला, ते याच मंडालेत लिहिले गेले.

अलीकडचे उदाहरण चंदीगढच्या जवळचे आहे. २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर लैंगिक छळाच्या तक्रारींची दखल घेतली जावी म्हणून धरणे धरणाऱ्या महिला कुस्तीगिरांइतका व्यायाम या देशात फार थोड्यांनी केला असेल. बालपणापासूनच्या त्या मेहनतीने त्यांचा राग निववला नव्हता. मे महिन्याच्या अखेरीस त्या आपली पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला गेल्या आणि समजूत घातल्यावर परतल्या. त्यांच्यापैकी विनेश फोगाट २०२४ मध्ये हरियाणाच्या विधानसभेवर निवडून आल्या. त्या विधानसभेची बैठक चंदीगढलाच भरते, कॉर्बुझिएने उभारलेल्या वास्तूत. सुखना तलावाचा तो बांध तेथून फार दूर नाही.