अखंड काय, वीणा की वीणेकरी?



सेवा पवित्र असेल तर ती मागणाऱ्याने किती मागावे, आणि करणाऱ्याने किती द्यावे, याला काही मर्यादा आहे काय? प्रश्न जुनाच आहे, पण आज तो आपल्या घरांत नव्या वेषाने आला आहे. वारकऱ्यांची मुले-मुली संगणक शिकून परदेशी गेली. त्यांतली काही दवाखान्यांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत लागली. आईबाप सांगतात, "रात्रंदिवस काम असते, पण रोग्यांची सेवा आहे." या वाक्यातल्या 'पण'वर जरा थांबू.

आधी ते काम काय आहे, ते पाहू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे शहर आहे. तेथे १९७९ साली ज्युडी फॉकनर या बाईंनी एका तळघरात लहानशी कंपनी काढली. आज ती एपिक या नावाने ओळखली जाते. जवळच्या व्हेरोना गावाबाहेर, शेतांच्या शेजारी, तिचे विस्तीर्ण आवार आहे. काही इमारती परीकथेतल्या वाड्यांसारख्या आहेत, आणि जमिनीखालच्या सभागृहात अकरा हजार माणसे बसतात. कामाला दहा हजारांहून अधिक माणसे आहेत, त्यांतली पुष्कळशी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. २००९ साली अमेरिकी सरकारने कायदा करून, रोग्यांच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणणाऱ्या दवाखान्यांना आणि डॉक्टरांना पैसा देऊ केला. तेव्हापासून या व्यवसायाला भरती आली.

रोग्याला कोणते औषध सोसत नाही, रात्री किती मात्रा दिली, रक्तात काय निघाले, हे सारे या सॉफ्टवेअरमध्ये एके ठिकाणी दिसते. एखाद्या दवाखान्यात ही व्यवस्था सुरू होते तो दिवस मोठ्या धांदलीचा. ठरल्या घटकेला जुने सोडून सगळे नव्यावर येतात. कंपनीची माणसे विमानाने तेथे जाऊन राहतात, आणि एखादी परिचारिका अडली की शेजारी उभे राहून दाखवतात. तेव्हा नोंद अडली तर औषध अडते. म्हणून हिला सेवा म्हणणे खोटे नाही.

पण काम कष्टाचे आहे. पगार चांगला, उतारा मोठा, आणि अनेकजण काही वर्षांतच सोडून जातात, असे तेथे राहून आलेलेच सांगतात. पाच वर्षे पूर्ण करणाऱ्याला चार आठवड्यांची पगारी सुट्टी मिळते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. जादा कामाचा मोबदला मिळाला नाही, अशी तक्रार तेथल्या एका कर्मचाऱ्याने स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी न्यायालयात नेली होती. कंपनी म्हणाली, करार झालेला आहे, ज्याने त्याने एकेकट्याने लवादापुढे यावे. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा करार ग्राह्य धरला. मोबदला देणे लागत होता की नव्हता, हे त्या निकालात ठरलेच नाही. कायद्याने कायद्यापुरते उत्तर दिले. आपला प्रश्न उरतोच.

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, "महाराज, आपल्या संतांनी काम हीच भक्ती मानली. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला. मग या मुलांनी कामात देह झिजवला तर बिघडले कोठे?"

शंका योग्य आहे. पण सावतोबांच्या कथेशेजारी तेरच्या गोरोबाकाकांची कथा ठेवून पाहा. चिखल तुडवता तुडवता काका नामात इतके रंगले, की रांगत आलेले स्वतःचे मूल पायांखाली आले तरी कळले नाही. आपण ही कथा तल्लीनतेचा महिमा सांगायला घेतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात त्या माउलीचा आक्रोशही आहे. कथेत देवाने बाळ परत दिले. कामाच्या धुंदीत ज्यांची झोप, शरीर, संसार आणि मुलांचे बालपण पायांखाली येते, त्यांना ते परत मिळेलच असे कोणी लिहून दिलेले नाही. शिवाय काका रंगले होते नामात. हाताखालच्या कामाच्या मुदतीत नव्हे.

मग सिद्धान्त काय? त्यासाठी आपल्या सप्ताहाचाच दृष्टान्त घेऊ. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवत नाहीत. पण एकच माणूस सात दिवस वीणा घेऊन उभा राहिला, असे कोणत्या गावात घडले? पहारे लावलेले असतात. पहाटे तीनचा पहारेकरी डोळ्यांवर पाणी मारून येतो, आधीच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि पहिला जाऊन निजतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. अखंड असते ती वीणा, वीणेकरी नव्हे. तो खंडित आहे, भुकेला आहे, झोपाळू आहे, आणि तसा असूनच सेवेत आहे.

आता दार्ष्टान्तिक पाहा. दवाखानाही अखंड आहे, त्याला रात्र नाही. आणि ही मुले जे सॉफ्टवेअर करतात ते तरी दुसरे काय आहे? दिवसाच्या डॉक्टराने लिहावे, रात्रीच्या डॉक्टराने वाचावे, एकाच्या हातून रोगी दुसऱ्याच्या हाती नीट जावा. म्हणजे पहारा बदलण्याचेच ते साधन. दुसऱ्यांचा पहारा बदलावा म्हणून झटणाऱ्याला स्वतःचा पहारा बदलता येऊ नये, हा केवढा उलटा न्याय!

यात दोष कधी मालकाचा असतो. तीन माणसांचे काम तो एकाच्या गळ्यात घालतो, आणि वर रोग्याचे नाव सांगतो. रोगी सेवा मागतो, ती देणे धर्म आहे. पण रोग्याच्या नावाने नफा मागतो तो वेगळा, आणि त्याला "पुरे" म्हणण्यात अधर्म नाही. ज्या सेवेला "पुरे" म्हणता येत नाही तिला आपल्या भाषेत वेठ म्हणतात, मग तिचा पगार केवढाही असो.

पण दोष कधी करणाऱ्याचाही असतो. "माझ्यावाचून चालणार नाही" हा विचार वरून सेवेसारखा दिसतो, आणि आतून अहंकार असतो. पुढचा पहारेकरी समोर उभा असताना वीणा न सोडणारा भक्त नव्हे, तो वीणेत अडकलेला माणूस. देताना वाकावे लागते, म्हणून देणे अवघड.

आणि थोडा दोष आपलाही आहे, माउली. मूल थकल्याचे सांगते, तेव्हा आपण त्याला तपाचे नाव देतो, कारण चारचौघांत ते शोभते. वारीतसुद्धा माउलींची पालखी आळंदीहून निघाली की विसावे घेते, मुक्काम करते, पुण्यात आणि सासवडला तर दोन-दोन रात्री थांबते. ज्या वाटेवर देवाच्या भेटीची एवढी ओढ, त्या वाटेवरही मुक्काम आहेत. मग पोटाच्या वाटेवर ते नसावेत काय?

आपल्या मुलांशी बोलताना कामाची स्तुती जरूर करा. फक्त पगाराआधी, बढतीआधी एवढे विचारा, "तुझ्या पाठीमागे पहाऱ्याला कोण आहे?" नाव सांगता आले तर ती सेवा आहे, निश्चिंत असा. आणि पलीकडून कोणाचेच नाव आले नाही, तर उपदेश करू नका. "घरी ये, दोन दिवस नीज," एवढेच म्हणा.