हिरवी खूण

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात एक बाई दोन म्हशींच्या जिवावर घर चालवते. पहाटे साडेपाचला धारा काढायच्या, साडेसहाला किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. म्हशीला सण कळत नाही, पाहुणा कळत नाही. बारा तास झाले की कास भरते, आणि वेळेवर मोकळी केली नाही तर म्हैस दुखण्याला येते. बाईंना हे कुणी शिकवलेलं नाही, पण तीस वर्षांत त्यांच्या गोठ्यात धारेची एक वेळ चुकलेली नाही.

त्यांचा एकुलता मुलगा तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. चोविसाव्या वर्षी सारखं डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात गेला, तर रक्तदाब भयंकर वाढलेला आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. गावात मूत्रपिंड कुणी म्हणत नाही, किडनीच म्हणतात. मीही इथून पुढे तेच म्हणतो. मग आठवड्यातून तीनदा कराडला डायलिसिस, एका वेळी चार तास. दुकानाचं शटर बरेच दिवस खालीच राहिलं. शेवटी आई पुण्याच्या डॉक्टरांना म्हणाली, "माझी घ्या." रक्तगट जुळला. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई जवळच्या नातेवाइकांत येते, त्यामुळे कागद, सह्या, मुलाखती होऊन परवानगी मिळाली. आईची डावी किडनी निघाली आणि मुलाच्या ओटीपोटात उजवीकडे बसली. जुन्या दोन जागच्या जागीच राहिल्या. पहिल्याच दिवशी लघवीची पिशवी भरलेली पाहून आई रडली. त्याआधी तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

घरी सोडताना प्रत्यारोपण समन्वयक ताईंनी दोघांना समोर बसवलं. शरीराला ही किडनी परकी वाटणार, ते तिच्यावर चालून जाणार, म्हणून त्याची लढायची ताकद थोडी दाबून ठेवावी लागते, असं त्यांनी सांगितलं.

"माझीच हाय की ती. आईची बी परकीच?"

"आईचीही, मावशी. 1954 साली बॉस्टनला पहिली किडनी टिकली ती जुळ्या भावाची होती. दोघं अगदी एका साच्यातले, म्हणून शरीराला फरक कळला नाही. बाकी सगळ्यांना गोळ्या घ्याव्याच लागतात."

गोळ्या तीन प्रकारच्या होत्या. त्यांतली टॅक्रोलिमस सगळ्यांत कडक शिस्तीची. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, त्यातून 1984 साली हे औषध हाती आलं. रक्तातलं त्याचं प्रमाण कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झालं तर औषधच किडनीला इजा करतं. मधली वाट अरुंद. म्हणून बरोबर बारा तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. तपासणीच्या दिवशी मात्र रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही, कारण बारा तासांनी तळाशी किती उरलं तेच मोजायचं असतं. गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, फोन करायचा. पपनस खायचं नाही. मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणायची नाही. बारा तासांचं ऐकून आई एवढंच म्हणाली, "म्हंजे धारेसारखं."

ताईंनी मुलाच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. सात वाजले की ते वाजायचं. खाली तीन बटणं: घेतली, थोड्या वेळाने, राहिली. 'घेतली' दाबलं की त्या दिवसावर हिरवी खूण. आठवड्याचा हिशेब आपोआप पुण्याला ताईंकडे जायचा.

पहिले चार महिने खुणा खऱ्या होत्या. मग मुलगा दुकानात बसू लागला, आणि ज्या गोष्टीसाठी ही कथा सांगतोय ती तिथे सुरू झाली.

मोबाईलची दुरुस्ती म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान भागांना डाग द्यायचा. भिंगाखाली हात दगडासारखा स्थिर लागतो, आणि त्याचा हात थरथरत होता. टॅक्रोलिमसने हात थरथरणं ही नवलाची गोष्ट नाही, पुष्कळांना होतं. सकाळच्या गोळीनंतर दोन-तीन तास थरथर जास्त, नेमकी दुकान उघडायची वेळ. एका गिऱ्हाइकाचा बोर्ड जळाला, त्याचे पैसे भरून द्यावे लागले. दुसरं गिऱ्हाईक त्याच्या हाताकडे बघून म्हणालं, "सकाळी सकाळी घेतलीस का काय?" त्या दिवशी तो शटर अर्धं ओढून आत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ॲप वाजलं. आई डेअरीला गेलेली. त्याने 'घेतली' दाबलं आणि गोळी घेतली नाही. अकरा वाजता हात स्थिर होता.

असं आठवड्यातून दोनदा, मग चारदा. संध्याकाळची गोळी तो आईसमोर घ्यायचा. पुण्याची तपासणी जवळ आली की तीन-चार दिवस सगळं नीट घ्यायचा, म्हणजे रक्तातली लेव्हल बरी यायची. ॲपमध्ये महिनाभर हिरवंगार. ताईंनी एकदा शाबासकीचा निरोपही धाडला. तो वाचून त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मला तो लबाड वाटत नाही. चोविसाव्या वर्षी मरणाच्या दारातून परत आलेल्या पोराला पुन्हा चारचौघांसारखं कामाला लागायचं होतं, एवढंच.

नवव्या महिन्यात आईला एक गोष्ट दिसली. तो चप्पल काढून जेवायला बसला, तर पायावर पट्ट्याची खोल खूण उमटलेली. तिने अंगठ्याने नडगी दाबली, तर खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला. दुखत काहीच नव्हतं. किडनी नाकारली जाते तेव्हा बहुतेक वेळा दुखत नाही, हीच त्यातली फसगत आहे. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच. ती म्हणाली, "उद्या पहाटेची गाडी." म्हशींच्या धारा जावेवर सोपवून ती त्याच्याबरोबर गेली.

या वेळी तयारीचे तीन-चार दिवस मिळाले नाहीत. किडनी नीट चालेनाशी झाली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन 1.1 असायचं, ते 2.3 निघालं. टॅक्रोलिमसची लेव्हल सातच्या आसपास हवी होती, ती 2.6. बायोप्सीत नक्की झालं: शरीर किडनीवर उलटलं होतं. शिरेतून तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली.

समन्वयक ताई मोबाईल घेऊन खाटेशेजारी बसल्या. "ॲपमध्ये एक गोळी चुकलेली नाही, आणि रक्त काही वेगळंच सांगतंय."

तो काही बोलेना. आईनेच विचारलं, "ताई, ह्या मोबाईलला गोळी पोटात गेल्याली दिसती का?"

"नाही मावशी. हा जे सांगतो तेवढंच त्याला कळतं."

"मग आमच्या दुधाच्या पुस्तकावानी झालं. पुस्तकात लिटर लिवत्यात. दुधात पाणी किती हाय ते मशीन सांगतं." मग ती पोराकडे वळली. आवाज चढला नाही. "पाणी कुठं घातलंस?"

त्याने सगळं सांगितलं. न घेतलेल्या गोळ्या दुकानाच्या खणात होत्या, पुडीत बांधून ठेवलेल्या. फेकवल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी तिसरी म्हैस विकली होती, हे त्याला ठाऊक होतं.

"हात थरथरतोय हे मला का न्हाई सांगितलंस?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू पोटातलं काढून दिलंस. त्याच्यावर मी वर हाताची तक्रार करू?"

ऐकून ताईंनीही मान खाली घातली. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: थरथर कळली असती तर मात्रा बघता आली असती, दिवसातून एकदाच घ्यायची टॅक्रोलिमसही मिळते, ती देऊन बघता आली असती. विचारायचं आमच्याकडूनही राहिलं, हेही ते म्हणाले. मला हे डॉक्टर मोठे वाटले.

किडनी देणाऱ्याचे उपकार फिटत नाहीत, असं आपल्याकडे उठता-बसता बोलतात. पाहुणे, शेजारी, सगळे त्या पोराला तेच ऐकवत होते. कौतुकाने ऐकवत होते, पण त्या कौतुकाखाली त्याला कुरकुर करायची सोय उरली नाही. पोटात ढवळतं, तोंड सुजतं, हात कापतो हे म्हणायचं कुणाला? घरात म्हणावं तर कृतघ्न ठरायची भीती, आणि ॲपमध्ये त्यासाठी बटणच नव्हतं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या 8 रुग्णालयांनी 11 ते 24 वयाच्या किडनी बसवलेल्या मुलांवर एक प्रयोग केला, तो 2018 साली छापून आला. त्यांनी गोळ्यांची डबीच अशी दिली की उघडली की नोंद व्हावी. मोबाईलवर आठवणीचे संदेश ठेवले, आणि त्याच्या जोडीला एक माणूस दिला, जो मुलांजवळ बसून विचारायचा: गोळी कशामुळे राहते, आणि त्यावर काय करता येईल? त्या मुलांच्या गोळ्या कमी चुकल्या. डबी होती, संदेश होते, पण शेजारी बसून विचारणारा माणूसही होता, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

गावी परतल्यावर आईने पोरावर पहारा बसवला नाही. तिने गोळीची वेळ बदलून मागितली. ताईंनी डॉक्टरांना विचारून सातऐवजी साडेपाच केली, पहाटेची आणि संध्याकाळची, धारेची वेळ. आता तो गोठ्यात येतो. तिचे हात कासेला, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या. ॲप वाजतं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बघ, घेतली." ती मान वर न करता म्हणाली, "मला नको दावू. थरथर कशी हाय ते सांग." तेव्हापासून तो रोज तेच सांगतो. औषधाची मात्रा दोनदा बदलली. बारीक डाग द्यायचं काम तो आता दुपारनंतर करतो, सकाळी काचा आणि बॅटऱ्या बदलतो.

मध्यंतरी एकदा कराडहून येताना एसटी बंद पडली आणि गोळ्या घरी. रात्री आठला त्याने ॲपमध्ये 'राहिली' हे बटण दाबलं. वर्षभरात पहिल्यांदा. आठवड्याच्या हिशेबाची वाट न बघता स्वतः ताईंना फोनही केला. घरी पोचल्या पोचल्या घे, उद्या पहाटेची नेहमीच्या वेळेला, दोन एकदम नाही, एवढं त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या, "आजची नोंद मला सगळ्या हिरव्या खुणांपेक्षा जास्त उपयोगाची आहे."

त्या महिन्याच्या हिशेबात एकोणतीस खुणा हिरव्या आहेत आणि एक लाल. परवाच्या तपासणीत लेव्हल 6.8 आली. क्रिएटिनिन 1.5 आहे. ते पुन्हा 1.1 झालेलं नाही.