दैव, दोष आणि पालकांची संगत

मूल अपंगत्व घेऊन जन्मले की 'हे आमच्याच वाट्याला का' हा प्रश्न घरात उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा आईच्याच पदरात टाकले जाते. कोकणातल्या खेड तालुक्यात डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांमध्ये हे उत्तर कधी गरोदरपणी न पाळलेले ग्रहण असते, कधी फेडायचा राहून गेलेला नवस, कधी पितरांचा दोष. त्यासाठी देवळात कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते, आणि घरचा पुरुष मुंबईस नोकरीला असेल तर या सगळ्याला तोंड देण्याची पाळी एकट्या बाईवर येते.

या उत्तरांमागे कर्मविपाकाची, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ पक्व होऊन कर्त्याकडेच परत येते या सिद्धान्ताची, मोठी परंपरा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात शारीरिक व्यंगांची सांगड पूर्वीच्या पातकांशी घातलेली आढळते. परंतु सिद्धान्ताच्या कठोर तर्काने पाहिले तर मुलाचे प्रारब्ध, म्हणजे या जन्मात भोगावयास आलेला पूर्वकर्माचा अंश, हे मुलाचेच असावयास हवे. लोकव्यवहार मात्र ते निमूटपणे आईच्या खात्यावर मांडतो. ही अदलाबदल तर्कदुष्ट आहेच, पण त्याहून अधिक ती निर्दय आहे.

खेड शहरालगत बौद्ध लेणी आहेत, आणि ज्या परंपरेने ती कोरली तिच्यात या प्रश्नाचा वेगळा विचार झालेला आहे. संयुत्तनिकायातील एका सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो की, माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते हे मत खरे मानावे काय. त्यावर बुद्ध पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात आणि सर्व काही पूर्वकर्मावर लोटणारे मत चुकीचे ठरवतात. कर्म येथे नाकारलेले नाही. त्याला आठांपैकी एक जागा दिलेली आहे. जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने मेंदूला इजा झालेल्या बाळाच्या आईला या एका भेदाने केवढा श्वास घेता येईल, याची कल्पना करता येते.

तथापि युक्तिवादाने मन मोकळे होते असे नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या किसा गोतमीला बुद्धांनी उपदेश केला नाही. जेथे कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. तिला जे कळले ते दारोदार फिरताना कळले. अशा मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन केलेल्या गटाचे ज्ञानविषयक मोल येथे आहे: निरनिराळ्या जातींची, धर्मांची, नवस फेडलेली आणि न फेडलेली घरे एकत्र बसली की दोषाचे प्रत्येक स्पष्टीकरण आपोआप गळून पडते, कारण ते शेजारी बसलेल्याला लागू पडत नाही. विखुरलेल्या वाड्यांत हे दारोदार फिरणे सहज घडत नाही. म्हणून तेथे अशी बैठक मुद्दाम घडवावी लागते.

येथे कथेची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. गोतमीने मूल खाली ठेवले. पालकगटात आलेल्या आईला बैठक संपल्यावर घरी जाऊन मुलाला भरवायचे असते, आणि ते मूल वीस, तीस, चाळीस वर्षांचे होणार असते. 'का' या प्रश्नाची जागा हळूहळू 'आमच्या मागे कोण' हा प्रश्न घेतो. पहिल्याला निश्चित उत्तर नाही, दुसऱ्याला आहे, पण ते एका घराच्या आवाक्यात नाही. बदलापूरची 'आधार' ही प्रौढ मतिमंद व्यक्तींची निवासी संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभारली, ती याच चिंतेतून. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी, त्या सज्ञान झाल्यावरही, स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आणि न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांच्या प्रतिनिधींना जागा दिली.

त्याच मंडळावर अपंग व्यक्तींच्या स्वतःच्या संघटनांनाही वेगळी जागा आहे, आणि तत्त्वदृष्ट्या ही तरतूद अधिक महत्त्वाची वाटते. कारण मुलाची सेवा हे पुण्य मानले की मूल पुण्याचे साधन बनते, आणि दुःखाची संगत करणारा गटही नकळत आपल्याच दुःखाभोवती फिरू लागतो. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी: गर्भातूनच पित्याची चूक दाखवणाऱ्या मुलाचे अंग पित्याच्या शापाने आठ ठिकाणी वाकडे होते, आणि पुढे तोच जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवून, त्याच्याशी वादात हरल्याने पाण्यात बुडवलेल्या पित्याला परत आणतो. कथेत पिता मुलाच्या वतीने सभेत बोलत नाही. मूल स्वतः सभेत बोलते, आणि सभा ऐकते.