संघाला शिक्षा आणि पापाची वाटणी

संघातल्या मोजक्या माणसांनी गैरप्रकार केला तर अख्ख्या संघाला शिक्षा करणे न्याय्य आहे का, हा प्रश्न क्रिकेटप्रेमींपुढे १४ जुलै २०१५ रोजी ठळकपणे उभा राहिला. त्या दिवशी न्या. आर. एम. लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या आयपीएलमधील दोन फ्रँचायझींना दोन वर्षांसाठी निलंबित केले. सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नईचे पदाधिकारी गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांना क्रिकेटच्या व्यवहारातून कायमचे दूर करण्यात आले. मय्यप्पन यांना मुंबई पोलिसांनी मे २०१३ मध्येच अटक केली होती. चाहत्यांत तेव्हा उघड दोन तट पडले. दोन माणसांनी सट्टा लावला तर मैदानावर घाम गाळणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्यांनी काय पाप केले, असे एका तटाचे म्हणणे होते. ज्याच्या नावाने पैसा आणि मान मिळतो त्याच्याच नावाने दंडही भरला पाहिजे, असे दुसऱ्याचे. हा वाद खेळापुरता नाही. पाप एकट्याचे असते की त्याची वाटणी होते, हा धर्मशास्त्राइतकाच जुना प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

मराठी मनात या प्रश्नाचे पहिले उत्तर वाल्या कोळ्याच्या कथेतून येते. वाटसरूंना मारून वाल्या रांजणात खडे टाकत गेला. नारदाच्या सांगण्यावरून त्याने घरी जाऊन विचारले, तेव्हा त्याच्या लुटीवर जगणाऱ्या बायकापोरांनी पापात वाटेकरी होण्यास साफ नकार दिला. कर्मसिद्धांताचा कणा हाच आहे: करणारा भोगतो. जैन आणि बौद्ध विचारही याच बाजूचा आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही असे कुराण सांगते, आणि बापाच्या पापासाठी मुलगा मरणार नाही असे यहेज्केल संदेष्टा बजावतो. एवढ्यावर थांबले तर संघावरची प्रत्येक बंदी अन्यायच ठरेल.

परंतु महाभारताचे सभापर्व एवढ्यावर थांबत नाही. भरसभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि वडीलधारे गप्प बसतात, तेव्हा विदुर प्रल्हादाची कथा सांगतो. आपला मुलगा विरोचन आणि ब्राह्मणपुत्र सुधन्वा यांच्या वादात न्याय देण्याची वेळ प्रल्हादावर येते, आणि तो कश्यपाचा सल्ला घेतो. कश्यपाने सांगितलेला हिशेब थक्क करणारा आहे. निंद्य कृत्याची निंदा जिथे होत नाही, तिथे निम्मे पाप सभेच्या प्रमुखाला लागते, पाव भाग करणाऱ्याला आणि पाव भाग गप्प बसलेल्या सभासदांना. निंदा झाली तर प्रमुख सुटतो, सभासद सुटतात आणि सगळे पाप करणाऱ्यावर जाते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, न्यायसभेच्या संदर्भात, हीच वाटणी कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा यांच्यात पाव-पाव अशी आहे.

वाल्याच्या घरच्यांना हा हिशेब लागू होत नाही, कारण ते सभेत बसलेले नव्हते आणि त्याला थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. लूट मात्र त्यांच्या पोटात गेली होती, ही गोष्ट कथा बाजूला ठेवते आणि आपल्याला ठेवता येत नाही. तरीही मुख्य मुद्दा स्वच्छ आहे. पापाचा वाटा रक्ताने किंवा नावाने येत नाही. पाहण्याची आणि रोखण्याची ताकद ज्या आसनाला आहे त्या आसनावरून तो येतो. संघाच्या शिक्षेचा विचार याच कसोटीवर करावा लागेल.

खानदेशात सामूहिक जबाबदारीची दोन परस्परविरुद्ध रूपे प्रत्यक्ष नांदली आहेत. गावाच्या राखणीचे काम जागल्याकडे असे, आणि खानदेशात हे जागले बहुधा भिल्ल असत. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवून दिला की जबाबदारी त्या गावावर जाई. पोचवता आला नाही तर भरपाईचा बोजा आपल्याच गावावर. गावातल्या प्रत्येकाने चोरी केली असे कोणी मानत नव्हते. शीव आपली आणि राखण आपली, म्हणून भरपाईही आपली, एवढाच त्यामागचा विचार. त्यात अपराधाचा डाग नव्हता, दायित्व होते.

याच्या अगदी उलट रूप म्हणजे इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा. १८७१ मध्ये आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पाळण्यातल्या मुलाने काय रोखायचे होते, हा प्रश्न त्या कायद्याला पडला नाही. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण पारध्यांच्या पालांकडे पाहणारी संशयी नजर अजून पुरती निवळलेली नाही. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवले की तिच्या घरादारावर जो बहिष्कार येतो, त्याची जातही हीच. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली, ती अशा शिक्षांना गुन्हा ठरवण्यासाठीच. माग काढण्याची जबाबदारी आणि जन्माचा डाग या दोन्हींना ‘सामूहिक शिक्षा’ या एकाच नावाने ओळखणे ही या वादातली सर्वांत मोठी गफलत आहे.

स्वतःहून पत्करलेली सामूहिक शिक्षा हा तिसरा प्रकार. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले, बावीस पोलीस मारले गेले. गांधीजींनी बारडोलीत देशभरची चळवळ थांबवली आणि पाच दिवसांचे उपोषण केले. एका दूरच्या खेड्यातल्या जमावाची चूक साऱ्या राष्ट्राने का भोगावी, असे तुरुंगात असलेल्या जवाहरलाल नेहरूंना वाटले, आणि या आक्षेपाचे उत्तर सोपे नाही. गांधीजींच्या निर्णयात एक गोष्ट मात्र आजच्या कोणत्याही क्रीडासंघटनेने शिकावी अशी आहे. चळवळीचा प्रमुख या नात्याने प्रायश्चित्ताचा पहिला आणि सर्वांत जड वाटा त्यांनी स्वतः उचलला. कश्यपाच्या हिशेबातला निम्मा भाग तो हाच.

पाहण्या-रोखण्याच्या ताकदीच्या कसोटीवर लोढा समितीचा निर्णय बऱ्याच अंशी टिकतो. शिक्षा फ्रँचायझीला झाली, म्हणजे मालकीला. खेळाडूंना खेळण्याची बंदी नव्हती. २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांसाठी पुणे आणि राजकोट येथील दोन नवे संघ उभे राहिले, महेंद्रसिंह धोनी आणि अजिंक्य रहाणे हे दोघेही पुण्याकडून खेळले, आणि २०१७ चा अंतिम सामना तो संघ मुंबईकडून एका धावेने हरला. चेन्नईचा संघ २०१८ मध्ये परतला आणि वानखेडेवर विजेता ठरला. झळ चाहत्यांना बसली हे खरे, पण बंदीला मुदत होती आणि परतीची वाट उघडी होती.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण याहून कितीतरी भीषण होते. तेथील फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ मध्ये दोषी ठरला. त्याच वर्षी एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड केला, हंगामोत्तर सामन्यांवर चार वर्षांची बंदी घातली आणि १९९८ ते २०११ या काळातील विजय नोंदींतून काढून टाकले. खेळाडूंना मात्र दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळण्याची मुभा दिली. बंदी २०१४ मध्ये उठली आणि विजय २०१५ मध्ये परत मिळाले. दंडाची रक्कम बालअत्याचार रोखण्याच्या कामासाठी ठेवली गेली, हा या शिक्षेतला सर्वांत अर्थपूर्ण भाग. विजय पुसण्यात असा अर्थ दिसत नाही. झालेला सामना झालेला असतो, आणि तो पुसल्याने एकाही मुलाचे दुःख हलके होत नाही.

फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघावर घातलेली बंदी या कसोटीवर सर्वांत दुबळी ठरते. वाद कारभाऱ्यांचा आणि बाहेरच्या हस्तक्षेपाचा होता. बंदी दोन आठवड्यांच्या आतच उठली, पण तेवढ्यात आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला न खेळताच परतावे लागले. त्या मुलींकडे ना अधिकार होता, ना दुसरा संघ.

मग चाहत्याचा वाटा किती? गैरप्रकार झाकलेला असेपर्यंत काहीच नाही. त्याला सभेत आसन नसते. प्रकरण उघड झाल्यावर मात्र त्याची स्थिती बदलते. आपला संघ आहे म्हणून पुरावे खोटे ठरवणारा, तक्रार करणाऱ्याला घेरणारा, पीडितांपेक्षा गुणतक्त्याची चिंता करणारा चाहता सभासदाच्या पाव भागात येऊन बसतो. कश्यपाने दाखवलेली सुटकेची वाटही त्याला तितकीच मोकळी आहे: निंद्य ते निंद्य म्हणायचे आणि संघावरचे प्रेम तसेच ठेवायचे. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात. संघाला झालेली योग्य शिक्षा सोसणे हा त्या प्रेमाचाच भाग ठरतो.

हे सारे कोट्यवधींच्या खेळापुरते नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि वयचोरी हा तिथला नेहमीचा रोग आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतला कबड्डीचा संघ घेतला, तर प्रवेशिकेवरची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरमधून उतरते आणि तिच्यावर सही-शिक्का मुख्याध्यापकांचा असतो. पाहण्याची आणि रोखण्याची ताकद तिथे आहे. तेरा वर्षांच्या चढाईपटूकडे ती नाही. एक खेळाडू जास्त वयाचा निघाला तर त्या स्पर्धेतला संघाचा निकाल रद्द होणे रास्त आहे, कारण हरलेल्या शाळेवर खरोखर अन्याय झालेला असतो. पण शाळेवर पुढची काही वर्षे बंदी घातली तर ती अशा मुलांवर पडते ज्यांनी त्या प्रवेशिकेचा कागदही पाहिलेला नसतो. वसतिगृहात राहणाऱ्या त्या मुलांना धोनीला पुण्याचा मिळाला तसा दुसरा संघ मिळत नाही, की पेन स्टेटच्या खेळाडूंसारखी दुसऱ्या संस्थेत जाण्याची मुभाही नसते. म्हणून तिथे चौकशी आणि कारवाई सही करणाऱ्यावर, प्रशिक्षकावर आणि संस्थेवर व्हावी, पुढच्या वर्षीच्या प्रवेशिका शाळेबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासाव्यात आणि मुलांना खेळू द्यावे.