मुक्कामी गाडी

नीतिशास्त्राचे गहन प्रश्न ग्रंथांच्या पानांतच भेटतात, असा आम्हा अध्यापकवर्गाचा एक सोयीस्कर समज असतो. माझाही तो पुष्कळ वर्षे होता. तो दूर करण्याचे श्रेय मला एका विद्यार्थिनीस द्यावे लागते, आणि ते देताना थोडी लाजही वाटते.

ही मुलगी वाशिम जिल्ह्यातील एका आडगावची. गाव मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत. फाट्यापर्यंत पायी यावयाचे आणि तेथून जी काळी-पिवळी जीप मिळेल तीत बसून शहर गाठावयाचे, हा तिचा नित्यक्रम. माझ्या सकाळच्या तासाला तिला वरचेवर उशीर होई. एके दिवशी मी तिला दारातच थांबवून कारण विचारले. "सर, सीटा भरल्या नव्हत्या," ती म्हणाली. वर्गात हशा पिकला, मीही हसलो आणि हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली. योगायोग असा की, त्या दिवशीच्या पाठाचा विषय 'कर्तव्य आणि उत्तरदायित्व' हा होता.

पुढे कितीतरी दिवस ते तीन शब्द माझ्या मनात राहिले. वक्तशीरपणा हा सद्‌गुण आहे आणि सद्‌गुण हा ज्याच्या त्याच्या चारित्र्याचा भाग आहे, हे आम्ही गृहीत धरून चालतो. परंतु या मुलीचा वक्तशीरपणा तिच्या चारित्र्यात नव्हता, तो जीपमधील आणखी चार उतारूंच्या हाती होता. ते चौघे आले तर ती गुणी, न आले तर ती बेशिस्त! अॅरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे की, उदार माणसास औदार्य दाखविण्यासाठी द्रव्य लागते. बाह्य साधनांवाचून सत्कृत्ये करणे कठीण असते. हा विचार मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. तो मला माझ्याच वर्गाच्या दारात मात्र ओळखू आला नाही.

वाहनांचे दोन प्रकार मला तेव्हापासून दिसू लागले. एक वाहन भरले की सुटते, दुसरे वेळ झाली की सुटते. वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटेल. वस्तुतः त्यात दोन निरनिराळी नीतितत्त्वे आहेत. भरल्यावर सुटणारे वाहन हा सौदा आहे. त्यात काही अनीती नाही. जीपवाल्यालाही पोट आहे आणि पुष्कळ गावांना त्याच्याखेरीज दुसरा आधारही नाही. परंतु वेळेवर सुटणारे वाहन हे वचन आहे. वेळापत्रक लावणे म्हणजे अनोळखी माणसांस दिलेला शब्दच होय. "तुम्ही कोणीही असा, एकटे असा वा अनेक, अमुक वाजता मी तेथे असेन," असे ते म्हणते.

या वचनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याच्या आरंभीच एक तत्त्ववेत्ता उभा आहे. ब्लेझ पास्कालच्या पुढाकाराने 1662 साली पॅरिस शहरात ठराविक मार्गांनी जाणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. भाडे पाच सू. गाडीत उतारू थोडे असोत वा गाडी अगदी रिकामी असो, ती नेमल्या वेळी निघेल, अशी त्या योजनेची अटच होती. या उद्योगातून येणारा पैसा ब्लुआ प्रांतातील दुष्काळग्रस्त गरिबांस पाठवावा, अशी पास्कालची इच्छा होती. परंतु पॅरिसच्या न्यायसभेने शिपाई, सेवक, मजूर इत्यादी लोकांस या गाड्यांत बसण्याची मनाई केली. म्हणजे वेळेचे वचन मिळाले, पण ते सर्वांना मिळाले नाही. पास्काल त्याच वर्षी वारला आणि काही वर्षांत त्या गाड्याही बंद पडल्या.

लंडनचे उदाहरण याहून आपल्या जवळचे आहे. 1829 साली जॉर्ज शिलिबीरने पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत आपली ऑम्निबस चालविली. 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'सर्वांसाठी' असा आहे. पुढे मोटारी आल्या आणि 1920 नंतरच्या दशकात त्या शहरात लहानमोठ्या मालकांच्या बसगाड्यांचा सुळसुळाट झाला. गर्दीच्या मार्गांवर या गाड्या एकमेकींशी शर्यत लावीत आणि जेथे उतारू कमी तेथे फिरकत नसत. लोकांनी त्यांना 'चाच्यांच्या गाड्या' असे नाव ठेवले. अखेरीस 1933 साली बसगाड्या, ट्रामगाड्या व भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाच्या हाती देण्यात आल्या. भरलेल्या मार्गाने रिकाम्या मार्गास हात द्यावा, हे तत्त्व त्या महानगराने असे अनुभवांती पत्करले.

आपल्याकडे हे वचन एस. टी.ने दिले. तिची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या वेळी वाशिम मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, तेव्हा आपण तिच्या कक्षेत आलो. त्यापूर्वी आपल्या भागात यंत्रवाहन आले ते मुख्यतः कापसाच्या मागे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' कारंज्यावरून जात असे. ती विलायती कंपनीने टाकली, कारण वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत न्यावयाचा होता. तिने माणसेही वाहिली, आणि लोकांनी तिच्यावर मायाही केली. पण तिची वाट कापसाने आखली होती. एस. टी.ची वाट मात्र माणसाने आखावी, अशी कल्पना होती. 'गाव तिथे एस. टी.' या घोषणेत कापसाला स्थान नाही.

एस. टी.चे ब्रीद 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' असे आहे. हे शब्द बुद्धाच्या उपदेशातील आहेत, हे पुष्कळांस ठाऊक असते. पण तो उपदेश कोणत्या प्रसंगी केला याचा विचार फारसा होत नाही. भिक्षूंना गावोगाव फिरावयास पाठविताना तो केलेला आहे आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे जेथे एक गेला तेथे दुसऱ्याने गर्दी न करता न गेलेल्या वाटेस लागावे. वाहतुकीचे याहून चांगले सूत्र मला कोणत्याही अहवालात आढळलेले नाही.

तथापि येथेच खरा पेच उभा राहतो. 'बहुजन' म्हणजे पुष्कळ लोक. बेंथॅमच्या मताने अधिकात अधिकांचे अधिकात अधिक सुख साधावयाचे, तर वाशिम-अकोला मार्गावरील पन्नास उतारूंचे सुख आडगावच्या सात उतारूंहून मोठे ठरणारच. ज्या कायद्याखाली परिवहन महामंडळे चालतात त्या 1950 च्या कायद्यातही हा पेच आहे. एका कलमाने महामंडळावर पुरेशी व कार्यक्षम वाहतूक पुरविण्याचे कर्तव्य घातले आहे आणि दुसऱ्या कलमाने व्यापारी तत्त्वांवर वागण्याचे. पुरेशी कोणाला, याचे उत्तर 'भारमान' हा शब्द एक देतो आणि फाट्यावर उभी असलेली मुलगी दुसरेच देते.

या पेचाचे सगुण रूप म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी ती तालुक्याहून निघते, वाटेतील गावे घेत रात्री शेवटच्या गावी पोहोचते आणि तेथेच थांबते. चालक-वाहक कधी देवळात, कधी शाळेच्या ओसरीवर, कधी गाडीतच निजतात. पहाटे तीच गाडी परत फिरते. तिच्यातून दूध जाते, भाजी जाते, दवाखान्याचा रुग्ण जातो. शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा आई वाहकाच्या हाती देते आणि मुलगा तो स्थानकावर उतरवून घेतो. हिशेबाच्या वहीत यातील फारच थोडे उमटते.

अशा गाडीच्या बचावार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो. शेवटच्या गावचा उतारू पुढे अकोल्याच्या, पुण्याच्या गाडीतही बसतो. ओढे आटले तर पैनगंगेला पाणी कोठून येणार? हा युक्तिवाद खरा आहे, पण पुरेसा नाही. कारण तो शेवटी नफ्याकडेच बोट दाखवितो. उद्या कोणी आकडेमोड करून सिद्ध केले की, हा ओढा नदीस काहीच देत नाही, तर त्या गावाचा हक्क संपला काय?

माझ्या मते त्या हक्काचा पाया निराळा आहे. समाज त्या गावाला पदोपदी बोलावीत असतो. न्यायालयाची तारीख, तहसील कचेरीचे काम, परीक्षेची घंटा ही सर्व घड्याळावर चालतात, आणि ती घड्याळे गावाबाहेर, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी लावलेली आहेत. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हा कचेऱ्या जवळ आल्या. तरी मानोरा वा रिसोड तालुक्यातील खेडुताला प्रवास चुकला नाही. जो वेळेवर येण्याची आज्ञा करतो, त्याने येण्याची वाट दिली पाहिजे. आज्ञा सर्वांस सारखी आणि साधन मात्र भारमानाप्रमाणे, हा न्याय नव्हे. हे दान नाही, दया नाही. हे घेतलेल्या अधिकाराचे देणे आहे.

याविरुद्ध एक आक्षेप मात्र गंभीर आहे. वचन देणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, असे तर होत नाही ना? 2021 च्या अखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. आपल्याला राज्य शासनात विलीन करून घ्यावे, अशी त्यांची मुख्य मागणी होती. तिच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही. परंतु शेवटच्या गावी ओसरीवर निजणाऱ्या माणसाच्या पगारातून आपण जर त्या गावाचा हक्क भागवीत असू, तर ते आपले पुण्य नव्हे. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाला कोणतेही धर्मशास्त्र दान म्हणत नाही. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस प्रवास विनामूल्य आहे, 2023 पासून स्त्रियांस निम्मे भाडे आहे. या सवलतींचे मी मनापासून स्वागत करतो. पण सवलतीचा भार जनतेच्या तिजोरीने वेळेवर उचलला, तरच ती जनतेची सवलत. आणि ज्या गावी गाडीच जात नाही, तेथे निम्म्या भाड्याचा अर्थ काय?

याचा अर्थ प्रत्येक पाणंदीतून मोठी मोटार न्यावी असा नव्हे. सात उतारूंसाठी पन्नास जागांची गाडी धावविणे हा अपव्यय होऊ शकतो, आणि अपव्यय हाही एक अन्यायच आहे. लहान गाडी चालेल, दिवसातून दोनच फेऱ्या चालतील. वचन गाडीच्या आकाराचे नाही, वेळेचे आहे. 'सीटा भरल्या नव्हत्या' हे कारण कोणत्याही मुलीला सांगावे लागू नये, एवढाच त्याचा अर्थ.

त्या मुलीची गैरहजेरी मी पुढे खोडली. तिला तसे सांगितलेही. ती संकोचून म्हणाली, "राहू द्या सर, नियम सगळ्यांना सारखाच." त्यावर मला उत्तर सुचले नाही. नियम सर्वांना सारखा होता हे खरेच; रस्ता मात्र सर्वांना सारखा नव्हता, आणि त्या रस्त्याची हजेरी घेण्याचे मला इतक्या वर्षांत कधी सुचले नव्हते.