सुवार्तिकाच्या घरातले मूल

श्रद्धा ही घर, आडनाव किंवा शेतजमीन यांच्यासारखी आईवडिलांकडून मिळते, की प्रत्येकाला ती स्वतःच्या जबाबदारीवर नव्याने स्वीकारावी लागते, या प्रश्नाला बहुतेक धर्मपरंपरांनी दोन्ही बाजूंनी उत्तर दिले आहे. प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील बॅप्टिस्ट पंथाने मात्र त्यातली दुसरी बाजू इतक्या ठामपणे उचलून धरली की त्या पंथाचे वेगळेपणच त्यातून घडले. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा पाण्याचा संस्कार. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आदी परंपरांत तो तान्ह्या बाळालाही दिला जातो. बॅप्टिस्टांच्या मते मात्र पाप, पश्चात्ताप आणि विश्वास यांचा अर्थ ज्याला कळतो आणि जो तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, त्यालाच तो देता येतो. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या जॉन स्मिथने १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे हा विचार प्रत्यक्षात आणला, आणि त्याचा सहकारी टॉमस हेल्विस याने १६१२ च्या सुमारास मायदेशी परतून, माणसाच्या आत्म्यावर राजाची सत्ता चालत नाही, मग तो माणूस ख्रिस्ती असो, ज्यू असो वा मुसलमान, असे छापील ग्रंथात सांगण्याचे धाडस केले, ज्याची किंमत त्याने तुरुंगात मोजली. संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून संस्कार देण्याची प्रथा या पंथात त्यानंतर काही दशकांनी रूढ झाली. या तत्त्वाची सर्वांत कठीण परीक्षा सुवार्तिकाच्या, म्हणजे गावोगाव फिरून येशूविषयीची सुवार्ता सांगणाऱ्या प्रचारकाच्या, घरात होते. कारण बाहेर तो प्रत्येक श्रोत्याला वाडवडिलांची वाट सोडून स्वतः ठरवायला सांगतो, आणि घरी त्याची मुले तोच उपदेश तोंडपाठ होईपर्यंत ऐकत वाढतात.

हा प्रश्न पनवेलच्या संदर्भात विचारण्याला एक खास औचित्य आहे. जुन्या पनवेलमध्ये बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाचे १८४९ मध्ये बांधलेले ‘बेथ एल’ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज कित्येक पिढ्या धर्मग्रंथ आणि धर्मगुरू यांवाचून जगला, तरी आठव्या दिवशी होणारी मुलग्याची सुंता, शब्बाथाची विश्रांती आणि देव एकच असल्याची ‘शेमा’ ही घोषणा एवढ्या शिदोरीवर त्याने आपला धर्म टिकवला. निर्णयाने नव्हे तर केवळ वारशाने श्रद्धा किती दूर जाऊ शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. बालबाप्तिस्म्याचे समर्थक, विशेषतः कॅल्विनच्या विचारपरंपरेतले, नेमका याच प्रकारचा दाखला पुढे करतात: देवाने अब्राहामाशी केलेल्या करारात मुले जन्मानेच सामील होती, सुंता ही त्या कराराची खूण होती, आणि नव्या करारात तिची जागा बाप्तिस्म्याने घेतली, शिवाय प्रेषितांच्या काळात लुदिया किंवा फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांनी आपल्या घराण्यासह बाप्तिस्मा घेतल्याचे बायबलमध्येच नमूद आहे. यावर बॅप्टिस्टांचे उत्तर असे की त्या घराण्यांत तान्ही मुले असल्याचा उल्लेख कोठेही नाही, आणि नव्या करारात पश्चात्ताप सर्वत्र पाण्याच्या आधी येतो.

रेल्वेमार्गाच्या पूर्वेला सिडकोने सेक्टर पाडून वसवलेल्या नवीन पनवेलमध्ये मात्र वारशाचा हा युक्तिवाद जरा अडखळतो. येथे कोणाच्या आजोबांचे देऊळ नाही आणि पणजोबांचे चर्चही नाही. घाटावरून, तळकोकणातून, आंध्रातून, केरळातून नोकरीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे आपापली श्रद्धा सामानासोबत घेऊन आली आणि तिला सदनिकेच्या दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या सभागृहात जागा करून देत राहिली. अशा वसाहतीत बदलीवर आलेल्या सुवार्तिकाच्या मुलाला गाव नसते, शाळा बदलत राहते, आणि ओळखीचे म्हणावे असे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे वडील ज्या मंडळीपुढे उभे राहतात ती मंडळी. बॅप्टिस्ट विचाराला जी निवड मोकळी हवी आहे ती अशा मुलासाठी सर्वांत कमी मोकळी असते, कारण तिला नकार देणे म्हणजे उपलब्ध असलेले एकमेव गाव सोडणे होय.

या पेचाचे भारतातले सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट चित्र बंगालमधील सेरामपूर येथे दिसते, आणि त्याच्या मध्यभागी उभा असलेला माणूस मराठी वाचकाला परका नाही. विल्यम कॅरी (१७६१–१८३४) याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली आणि वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये पूर्णत्वास नेले. हा चांभारकाम करणारा इंग्रज जन्माने अँग्लिकन होता. त्याचे वडील चर्चचे लेखनिक आणि शाळामास्तर होते, आणि तान्हेपणी त्याला रीतसर बाप्तिस्माही मिळाला होता. तो संस्कार अपुरा मानून त्याने ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे नेन नदीत नव्याने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे वडिलांचा वारसा त्याने स्वतः नाकारला होता. दहा वर्षांनी तो बॅप्टिस्ट मिशनरी म्हणून हिंदुस्थानला निघाला तेव्हा पत्नी डोरोथी हिने यायला साफ नकार दिला. पुष्कळ विनवण्यांनंतर, बहीण बरोबर येत असेल तरच, या अटीवर ती जहाजावर चढली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजारात दगावला आणि त्यानंतर डोरोथीचे मन कायमचे ढळले. मोठ्या मुलाने, फेलिक्सने, हे सर्व जवळून पाहिले.

२८ डिसेंबर १८०० या रविवारी सेरामपूरच्या घाटावर डेन्मार्कच्या वसाहतीचा गव्हर्नर, काही युरोपीय आणि बरेच बंगाली हिंदू-मुसलमान जमले होते. कॅरी प्रार्थनागृहातून नदीपर्यंत चालत आला तेव्हा त्याच्या एका बाजूला पंधरा वर्षांचा फेलिक्स आणि दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल नावाचा सुतार होता, ज्याचा निखळलेला हात काही आठवड्यांपूर्वी मिशनच्या डॉक्टरने बसवून दिला होता. हा डॉक्टर, जॉन टॉमस, त्या दिवशी मानसिक झटक्यामुळे कोंडून ठेवलेला होता, आणि डोरोथीही घरात बंदिस्त होती. कॅरीने जमलेल्या लोकांना बंगालीत सांगितले की हे पाणी पवित्र नाही, ते केवळ पाणी आहे. मग त्याने आधी आपल्या मुलाला इंग्रजीत आणि नंतर कृष्ण पालला बंगालीत बाप्तिस्मा दिला. मिशनच्या इतिहासात हा दिवस बंगालमधील पहिल्या धर्मांतरिताचा म्हणून साजरा होतो, फेलिक्सकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक बॅप्टिस्ट विचाराचे सार त्या दोघांच्या जोडीत आहे. धर्मोपदेशकाचा मुलगा आणि आदल्या आठवड्यापर्यंत जातीत असलेला सुतार हे दोघे एकाच घाटावर, एकाच पाण्यात, एकाच पायरीवर उभे होते, आणि मुलाला जन्माचा कसलाही फायदा नव्हता.

दोघांची पुढची वाट या सिद्धांतावर मोठेच भाष्य करते. कृष्ण पाल फिरता सुवार्तिक झाला. बंगालभर हिंडून तो १८१३ मध्ये खासी टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. फेलिक्स १८०७ मध्ये ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला, परंतु १८१४ मध्ये इरावती नदीत जहाज उलटून त्याची पत्नी, मुले आणि मिशनचा छापखाना बुडाला. त्याने ब्रह्मी दरबाराची वकिली पत्करली आणि पुढे काही वर्षे तो पूर्वेकडच्या संस्थानांत भरकटत राहिला. वडिलांनी हे मिशनरीपदावरून घसरणे मानले. कॅरीचा शोक समजण्यासारखा आहे, पण न्याय्य नाही. कारण पंधराव्या वर्षी, वेडाच्या सावटाखालच्या घरात, साऱ्या गावाच्या साक्षीने आणि वडिलांच्याच हातून घेतलेल्या निर्णयाला पूर्णपणे स्वतःचा निर्णय म्हणणे कठीण आहे. फेलिक्स अखेर सेरामपूरला परतला, बंगालीतला पहिला विज्ञानकोश मानल्या जाणाऱ्या ‘विद्याहारावली’चे काम त्याने केले, आणि १८२२ मध्ये, कृष्ण पाल गेला त्याच वर्षी, तोही वारला.

मराठी मुलखाची मंडळी बॅप्टिस्ट का झाली नाही, याचे उत्तर एका जहाजप्रवासात सापडते. १८१२ मध्ये अमेरिकेतून निघालेल्या मिशनऱ्यांच्या तुकडीतील अडोनिराम जडसन आणि त्याची पत्नी ॲन यांनी वाटेत ग्रीक नवा करार नव्याने वाचला आणि बालबाप्तिस्म्याला शास्त्राधार नाही अशा निष्कर्षाला येऊन कलकत्त्यात सेरामपूरकरांकडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. जडसन ब्रह्मदेशाकडे वळला. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र जुन्या मतावर राहिले व १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यांच्यापासून सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनमुळे नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांत बालबाप्तिस्मा रूढ झाला. स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनांनीही तीच वाट धरली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना होताना बॅप्टिस्ट आणि बालबाप्तिस्मा मानणारे एकत्र आले, तेव्हा दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या: पालकांनी बाळाला बाप्तिस्मा द्यावा, किंवा समर्पणविधी करून, म्हणजे बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवून, बाप्तिस्म्याचा निर्णय ते मोठे झाल्यावर त्याच्यावर सोडावा.

तरीही, औपचारिकदृष्ट्या बॅप्टिस्ट नसलेल्या मराठी घरांतच हा प्रश्न सर्वाधिक खोल गेलेला दिसतो. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) माहेर हेच मुळात फिरते धर्मघर होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी कुटुंबासह हिंडत पुराणे सांगत, आणि त्या भटकंतीत, दुष्काळात, रमाबाईंनी आईवडील गमावले. वारशाने मिळालेली श्रद्धा आतून विरून गेल्यावर त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वेळी त्यांच्या दोन वर्षांच्या मनोरमेलाही तो देण्यात आला. एकाच विधीत आईने निवड केली आणि मुलीसाठी निवड केली गेली. यातली खरी गुंतागुंत पुढे आहे: १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मनिवेदनात, रमाबाई सांगतात की त्यांना ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी. जाणत्या वयात, अभ्यासपूर्वक, कोणाच्याही दबावाविना घेतलेला बाप्तिस्माही श्रद्धेच्या पुढे धावू शकतो, ही कबुली बॅप्टिस्ट तत्त्वाला आतूनच आव्हान देते. वयाची अट घातल्याने श्रद्धा आणि संस्कार एकाच क्षणी येतील याची हमी मिळत नाही. मनोरमा आईच्या कामात आयुष्यभर राबली आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी, गेली. ते काम तिने निवडले की ते तिच्या वाट्याला आले, हे ठरवण्याचा अधिकार चरित्रकारांना नाही.

याउलट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नीने पतीमागे जावे हा तत्कालीन रिवाज लक्षात घेता लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती होणे ठरल्यासारखेच होते. त्या गेल्या नाहीत. कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे नगरला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे जपले, आणि जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाला पटल्यावर, आपल्या वेळी, १९०० मध्ये राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग वाचताना जाणवते की टिळकांनी सांगितलेली सर्वांत मोठी सुवार्ता म्हणजे पत्नीला थांबू देणे ही होती, मग तो त्यांचा संयम असो वा नाइलाज. बॅप्टिस्ट सिद्धांताला जे हवे आहे ते एका बालबाप्तिस्मावादी मिशनच्या छायेत, एका कोकणस्थ बाईने आपल्या हट्टाने साध्य केले.

वारकरी परंपरेतही दोन पातळ्या स्पष्ट आहेत: वारी घराण्यात चालत येते, पण तुळशीची माळ ज्याची त्याने, तिची पथ्ये पाळण्याचे कबूल करून, घालायची असते, आणि घरात वारी असूनही माळ न घातलेला मुलगा दिंडीतून कोणी हाकलत नाही. सुवार्तिकाच्या घराला नेमक्या याच मोकळिकीची गरज आहे. सुवार्तिकाच्या मुलाने दहाव्या-अकराव्या वर्षी साऱ्या मंडळीपुढे साक्ष द्यावी आणि पुढच्या उन्हाळी शिबिरात बाप्तिस्मा घ्यावा, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी न बोलताच धरली जाते. मुलाचा होकार मग वडिलांच्या सेवेचे प्रशस्तिपत्र ठरतो आणि नकार त्यांच्या अपयशाचा पुरावा. हेल्विसने राजाला जे अधिकार नाकारले तेच येथे मंडळी आपल्याकडे घेते. ज्या पंथाने तान्ह्या बाळाला पाणी लावायचे नाकारले, त्याने वयात आलेल्या मुलाच्या नकारालाही तितकीच किंमत दिली पाहिजे. आणि नवीन पनवेलसारख्या, रोज नवी कुटुंबे येणाऱ्या वसाहतीतल्या मंडळ्यांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सुवार्तिकाच्या मुलांची नावे शोधणे थांबवावे.